ताडपत्री शिवणारा पाळक

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत हा विषय जवळ आला की मी भलतंच काही मागू लागतो. असं का होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मी पनवेलमधल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक. आठवडाभर कळंबोलीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, रविवारी उपदेश करतो. बायबलमधला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा. मीही मंडळीवर भार टाकत नाही. लोक माझं उदाहरण देतात. आणि ते मला आवडतं — खोटं कशाला बोलू?

आमच्या मंडळीतले, आपटा गावचे शांतवनकाका घशाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. एकदा भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून विचारलं, "पाळकसाहेब, पलीकडं खरंच कोन हाय का?" रविवारी हेच मी किती सहज सांगतो! त्या दिवशी मी मनगट सोडवून त्यांची उशी नीट करू लागलो.

मग एका सकाळी त्यांच्या बायकोचा, रूथमावशींचा फोन आला. "ह्ये तुमालाच बोलावतात. लगेच येता का?"

ट्रकवाल्यांचा संप होता. दुकान बंद. मी टपरीवर चहा पीत बसलो होतो — अगदी रिकामा. आणि म्हणालो, "मावशी, ताडपत्रीसाठी एक गाडी खोळंबलीय. काम उरकून संध्याकाळी येतो."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "काम टाकून नका येऊ."

काका दुपारीच गेले.

पण खरी गोष्ट यापुढची. निरोप आला, तेव्हा मी आधी जाऊन दुकान उघडलं. एक जुनी ताडपत्री ओढली आणि तिच्यावर हात काळे होईपर्यंत घासले. इतकं थंड डोकं माझ्यात आलं कुठून? नीट काळे झालेत का, हे मी उजेडात धरून पाहिलंसुद्धा.

आपट्याला मावशींनी तेच हात धरले, जमलेल्यांना दाखवले. "बघा, आमचे पाळक. कामावरनं तसंच आले." मी हात सोडवून घेतले नाहीत.

ही गोष्ट पुढे पाळकांच्या सभांमधून सांगितली गेली. ती ऐकून खारघरच्या एका तरुण पाळकाने परवा स्वतःच्या कमाईसाठी रिक्षा घेतली. पहिली प्रार्थना माझ्याकडूनच हवी, म्हणाला. मी केली. मग तो मला घरी सोडायला निघाला. वाटेत त्याने विचारलं, "त्या दिवशी आपट्याला जाताना तुमच्या मनात काय होतं?"

"डावीकडे घे," मी म्हणालो. "इथेच उतरतो."

घर अजून बरंच लांब होतं.