बेस आणि खालच्या घरातली भांडी

त्या काळी हिंजवडीत नोकरी लागली की माणसाचं एक तर लग्न ठरायचं, नाहीतर तो बँड काढायचा. आमची लग्नं कुणी ठरवेना, म्हणून आम्ही तिघांनी बँड काढला. एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि जाड तारांच्या बेस गिटारवर मी. कंपनीच्या वार्षिक समारंभात वाजवायचं ठरलं होतं. सराव गिटारवाल्याच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर, शनिवारी दुपारी. जन्म तिथेच काढूनही दुपारची वेळ त्यालाच सुचली.

रॉकमध्ये अंग कशाने डोलतं, हे मी त्याला कंपनीच्या बसमध्ये रोज समजावून सांगे. ड्रमच्या ठोक्याला चिकटून बेसने चालायचं आणि दोघांनी सोडलेल्या जागेत गिटारने बोलायचं. पण जागा सोडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. स्कूटरसुद्धा तो दोघांची जागा अडवून लावायचा. मी एखादा स्वर लांबवून धरला की मात्र त्याला नाइलाजाने थांबावं लागे. तेवढ्यापुरते आम्ही बँड वाटायचो, आणि याचाच त्याला राग होता.

एका शनिवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. निवृत्त गृहस्थ, दुपारची झोप हेच आता त्यांचं कार्यालय. तुमच्या त्या धपधपीने आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात, एवढं सांगून ते गेले. गिटारवाल्याला आयतं कोलीत मिळालं. ऑफिसातल्या सुरात तो मला म्हणाला, "तुला सध्या बेंचवर ठेवू. तसाही बेस कुणाला ऐकू येतो?"

बेंच म्हणजे आमच्याकडे काम नसलेल्यांची जागा. तिथून माणूस बहुधा घरीच जातो. मला फार लागलं. हा समारंभ सोडला तर माझा बेस आयुष्यात कुठे वाजणार नव्हता.

तरी पुढच्या शनिवारी मी बिबवेवाडीहून स्कूटरवर बेस घेऊन गेलोच. चिवटपणात आम्ही कमी नाही. पिशवीची चेनही न उघडता कोपऱ्यात बसून राहिलो. गिटारवाला सुटला होता. ड्रमवाला बिचारा त्याच्या मागे धावत होता. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात काका.

"ते धपधपवाले कुठे गेले?"

तुमच्या झोपेसाठीच त्याला थांबवलंय, असं गिटारवाल्याने अदबीने सांगितलं.

"वाजवू द्या त्यांना," काका म्हणाले. "ते होते तेव्हा आपण अधूनमधून गप्प बसत होतात. भांड्यांचं आम्ही बघू."

ते खाली गेले. मी बेसची वायर जोडली आणि पहिला स्वर लांबवला. गिटारवाला तोंड पाडून का होईना, तो संपेपर्यंत थांबला. मग दोनच सूर वाजवले आणि पुन्हा थांबला. ड्रमवाला हसायला लागला. गाणं पहिल्यांदाच चालत होतं आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

खाली भांडी वाजली. आम्ही तिघेही दाराकडे बघत वाजवत राहिलो. कुणी वर आलं नाही.