दरबारातली अडचण

होडीवर वाढलेला लवू हवालदार समुद्राला कधी भ्याला नाही, पण साहेबांच्या दरबाराला टरकायचा. दरबार भरला की साहेब अडचणी विचारत आणि झोपेने डोळे तारवटलेले सगळे पोलीस एका सुरात म्हणत, "काही नाही, सर!" मागे त्याच्याच ठाण्यातल्या सुदेशने तोंड उघडलं, तर त्याची हक्काची सुट्टीही बंद झाली. तेव्हा लवू मुकाट्याने बुटांकडे बघत बसला होता.

परवा तारकर्लीच्या बंदोबस्तात लवू उभ्या उभ्या कोसळला. बायको विनीता कडाडली, "अशान मरतल्यात! आता तरी साहेबांका सांगा."

आज दरबारात तो उठून उभा राहिला. "सर, सुट्टी फक्त मर्जीतल्यांनाच मिळते."

साहेब हसले. "आणखी कोणाला असं वाटतं?"

लवूने आशेने सुदेशकडे पाहिलं. सुदेश बुटांकडे बघत होता.