त्या सकाळी आई हन्नाच्या शाळेत होती

बावीस वर्षं मी बातम्यांच्या डेस्कवर आहे. भुताखेताची बातमी आली की मी वार्ताहराला एकच विचारते – तू स्वतः पाहिलंस का? बहुतेक वेळा बातमी तिथेच मरते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. म्हणून मी स्वतः काय ऐकलं आणि दुसऱ्यांनी काय सांगितलं, हे इथे वेगळं ठेवते आहे. नावं बदलली आहेत.

जयपूरला दुर्गापुऱ्यात आमचं बैठं घर आहे. राहतो दोघी – मी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. बाबा विमा कंपनीत होते, साताऱ्याहून बदलीवर आले ते इथलेच झाले. ते गेल्यावरही आम्ही इथेच राहिलो. घरामागे छोटं अंगण आहे. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी त्या अंगणात उघडते.

गेल्या हिवाळ्यात हन्ना आमच्याकडे राहायला आली. फिनलंडची, पंचवीस वर्षांची. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एक संस्था कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवते, तिथे ती बिनपगारी शिकवायची. पहिल्या आठवड्यात बादली-तांब्या घेऊन अंघोळ कशी करायची हे तिला कळेना. सगळं बाथरूम भिजायचं, ती कोरडीच. पण महिन्याभरात ती नळाच्या वेळेला आईच्या आधी उठून पिंप भरू लागली. कपडे हाताने धुवायची, जमिनीवर मांडी घालून जेवायची. उठताना ती आणि आई एकमेकींना धरायच्या, दोघी एकदम कण्हायच्या आणि हसायच्या. हिंदी ती आईकडून शिकली, त्यामुळे तिचं हिंदी साताऱ्याचं झालं.

तिला काही कमी नव्हतं. कमी आम्हालाच वाटत होतं. जानेवारीत मी गॅसचा गीझर बसवून घेतला.

"माँजी, ये ठंड नहीं है," हन्ना म्हणाली. तिची बादली ती गच्चीवर उन्हात ठेवायची, तेवढं तिला पुरायचं.

"तुमच्याकडे काय म्हणतात ते तुमच्याकडे," आई म्हणाली. "पाहुणी आजारी पडली तर लोक मला विचारतील. मतलब, लाज आमची जाईल."

हन्नाने गीझर एकदाही वापरला नाही. आणलाच आहे तर वाया कशाला, म्हणून आई वापरू लागली. खिडकीतून वारा येतो अशी तिची तक्रार होती. रविवारी मी गीझरच्याच खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चारही बाजूंनी टेप लावून खिडकी आतून बंद केली. पुठ्ठ्यावर सूचना छापलेल्या होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.

बुधवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी टोंक रोडवर ऑफिसात होते. हन्नाचा फोन आला.

"तुझी आई शाळेत आली आहे. एकटी. तू मला सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, शक्य नाही. घरापासून शाळा वीस किलोमीटरच्या आसपास आहे. आई एकटी कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंतही जात नाही.

"ती इथे खुर्चीवर बसली आहे. निळा गाऊन. केस ओले आहेत, पाणी गळतंय. खिड़की खोलो म्हणते. मी वर्गातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या... तरी तेच म्हणते."

तेवढ्यात मागून आवाज आला – "अगं, खिडकी उघड ना." मराठीत. तो आईचा आवाज होता. हे मी स्वतः ऐकलं.

मला पुठ्ठा आठवला.

हन्नाला म्हटलं, तिला हलू देऊ नकोस. फोन ठेवून घरी लावला. कुणी उचलला नाही. शेजारच्या माथुरजींना लावला.

"बाथरूम की खिड़की तोड़िए. पीछे से. अभी."

"क्यों, क्या हुआ बेटा?"

"तोड़िए, भाईसाहब!"

माथुरजींनी फोन चालूच ठेवला. धावण्याचा आवाज, मग काच फुटल्याचा. मग ते ओरडले – "माँजी नीचे पड़ी हैं! बेटा, माँजी यहीं हैं!"

मी पळत जिना उतरत होते. त्याच वेळी हन्नाचा दुसरा फोन आला. ती रडत होती. आई आत्ता होती, आत्ता नाही. मुलांच्या वह्या आणायला वळले आणि खुर्ची रिकामी. खुर्ची ओली आहे, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, खुर्ची ओली आहे.

बाथरूमची कडी आतून होती. माथुरजींनी नंतर दार तोडलं. आई निळ्या गाऊनमध्ये होती, केस ओले. गीझरचा विषारी वायू कोंडला होता. अजून पाच-सात मिनिटं गेली असती तर मी हे वेगळ्या पद्धतीने लिहिलं असतं, असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळलं. दोन दिवस आई ऑक्सिजनवर होती. वाचली.

पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन शाळेत गेले. नऊ मुलांना वेगवेगळं विचारलं. नऊही जणांनी सांगितलं, दादी आल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "दादी के बालों से पानी टपक रहा था. मैंने दो बार पोंछा लगाया." फाटकावरचा चौकीदार मात्र ठाम होता: सकाळी नऊनंतर आत कुणी आलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही. फाटक एकच आहे. हन्नाचा पहिला फोन माझ्या मोबाइलवर नोंदलेला आहे, दोन मिनिटं दहा सेकंद.

विषारी वायूने माणसाला भास होतात, हे मी वाचलं आहे. पण भास आईला व्हायला हवे होते. वीस किलोमीटरवरच्या वर्गाला नाही... आणि फोनवर मला नाही.

इस्पितळातून घरी आणल्यावर मी आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. हन्नालाही सांगू दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी आईला पेज भरवत होते. तिने माझा हात बाजूला केला.

"हन्नाने लगेच ऐकलं गं," ती म्हणाली. "पोरगी गुणी आहे."

"काय ऐकलं?"

"आधी तुझ्याकडेच आले होते मी. खांबाच्या बाजूला बसतेस ना तू? तिथे किती वेळ उभी होते. हाका मारल्या. तू मान वरच केली नाहीस."

आमचं ऑफिस डिसेंबरात नव्या मजल्यावर गेलं. आई तिथे कधीही आलेली नाही. माझी जागा खांबाच्या बाजूलाच आहे.

त्या सकाळी साडेदहापासून हन्नाचा फोन येईपर्यंत मी एका बातमीची कॉपी तपासत होते. आजूबाजूला कोण आलं, कोण उभं राहिलं, मला सांगता येणार नाही. मी मान वर केली नव्हती.