विभूतीची तीन बोटं

परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात रुग्णांच्या सगळ्या तपासण्यांच्या नोंदी रोज संध्याकाळी संगणकातून टेपांवर उतरवून ठेवतात. टेपांच्या यंत्राला माणसाचं अक्षर कळत नाही. प्रत्येक टेपेच्या कडेला काळ्या रेघांचं लेबल लागतं. ते वाचता आलं तरच यंत्र टेप ओळखतं.

ही खोली गुरुसिद्धप्पांच्या ताब्यात होती. दवाखान्यात त्यांची सव्वीस वर्षं झाली होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते.

लेबलं पुण्याहून यायची. महाग, आणि यायला महिना. पिंगळीहून येणारी त्रिवेणी कंत्राटावर होती. तिनं रेघांचा फुकटातला फॉन्ट शोधला, स्टिकरच्या कागदावर लेबलं छापली, पट्टी धरून कापली. पहिली खेप यंत्रानं वाचलीच नाही. रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी लागते, हे तिला दोन दिवसांनी उमगलं. दुसरी खेप यंत्रानं मुकाट्यानं वाचली.

"काका, शाईचा प्रिंटर हाय. पाणी तेवढं लागू देऊ नका."

"मी काय टेपा धुवायलोय का गं?"

खंडेनवमीला खोलीत पूजा झाली. बोरीला गुरुसिद्धप्पांच्या घरी त्या दिवशी कुळवापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला विभूती लागते. त्यांनी वाटीत पाणी घालून विभूती कालवली. चाळीस टेपांवर, एकेकीला, लेबलावरूनच तीन बोटं ओढली. विभूती त्यांच्या लेखी पाण्यात मोडत नव्हती.

दसऱ्याची सुट्टी संपली. गुरुसिद्धप्पा सगळ्यांच्या आधी आले. यंत्रानं एकही टेप ओळखली नव्हती. रेघा एकमेकींत उतरल्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि रुमालानं विभूती पुसून काढली. रेघा आणखी फिसकटल्या. पण पांढरं काही दिसेनासं झालं.

व्यवस्थापक बन्सीधर आले तेव्हा रुमाल खिशात होता.

"दोन दिवसांचं काहीच उतरलं नाही! तरी म्हणत होतो, असली घरगुती लेबलं नकोत."

"सर, ओली झाल्यात ती," त्रिवेणी म्हणाली.

"खोलीत पाऊस पडला का मग? कंत्राट याच महिन्यात संपतंय ना तुमचं? बघू."

गुरुसिद्धप्पा फरशीकडे बघत राहिले.

दुपारी डबा उघडताना त्रिवेणी हळूच म्हणाली, "काका, टेपांच्या खाचांत विभूती हाय अजून. मी सरांना सांगितलं न्हाई."

"का?"

"तुमचे पाचच महिने राहिलेत. मला काय, दुसरीकडं लागंल काम."

त्यांच्या मुलीहून लहान होती ती. त्यांनी भाकरी डब्यात परत ठेवली. डबा तसाच टाकून ते बन्सीधरांच्या खोलीत गेले.

"सर, लेबलं माझ्यामुळं गेली. विभूती मी लावली. पुसलीबी मीच."

बन्सीधर हसले. "काका, तुम्ही लय भोळे. पोरीसाठी अंगावर घेऊ नका. सव्वीस वर्षांत तुमच्या हातून एक कागद हरवला नाही. मला माहीत नाही का तुम्ही?"

शिव्या दिल्या असत्या तर त्यांना उभं राहता आलं असतं.

गुरुसिद्धप्पा गेले आणि छापून उरलेलं एक कोरं करकरीत लेबल घेऊन आले. खिशातली विभूतीची पुडी सोडली. बन्सीधरांच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवली, विभूतीत घोळवली आणि लेबलावर ओढली. रेघा बघता बघता फुटल्या. काळं पाणी टेबलावर आलं.

बन्सीधरांनी ग्लास बाजूला सरकवला. मग त्यांनी त्रिवेणीला बोलावलं.

"ही परत छापायला किती वेळ?"

"दीड तास, सर."

"छापा. नव्या कंत्राटाचा कागद उद्या मिळेल." मग गुरुसिद्धप्पांकडे न बघता म्हणाले, "काका, खोलीची किल्ली यांच्याकडं द्या."

किल्ली करदोड्याला होती. गाठ जुनी. बोटं ओली. सोडवायला त्यांना वेळ लागला. तोवर ती दोघं दुसरीकडे बघत उभी होती.