टॉरमोडचा बोअ

लिहिण्याचा मला सराव नाही. पण टॉरमोड गेला, आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

आमच्या लुईस बेटावर पाण्याखाली दडलेल्या खडकाला बोअ म्हणतात. ज्याची होडी त्यावर पहिल्यांदा आपटते, त्याचं नाव खडकाला चिकटतं. टॉरमोडची होडी आपटली तेव्हा आम्ही दोघं शेवंडांचे पिंजरे उचलायला निघालो होतो. होडी बुडाली, आम्ही पोहत वाचलो. सुकाणू माझ्या हातात होतं. पण माझं लग्न ठरलेलं, होणारा सासरा जुना दर्यावर्दी; होडी बुडवणाऱ्याला त्यानं मुलगी दिली नसती. किनाऱ्यावर माणसं जमताच टॉरमोड म्हणाला, "सुकाणू माझ्याकडे होतं."

चाळीस वर्षं लोक त्याला डिवचत राहिले. "काय टॉरमोड, तुझ्या खडकावर मेंढ्या कधी सोडायच्या?"

"तुझ्या बायकोला विचार, तिथलं गवत तिनंच कापलंय," तो म्हणायचा.

मागल्या वसंतात शॉनाक नावाची मुलगी गावोगावच्या जागांची नावं टिपत त्याच्या घरी आली. मीही चहाला होतो. ती म्हणाली, "बोअ हा शब्द आपल्या गेलिक भाषेचा नाही. उत्तरेकडून होड्या घेऊन आलेल्या नॉर्स लोकांचा आहे. त्यांच्यात बोदी म्हणजे आधी येऊन वर्दी देणारा. खडकावर पाणी पांढरं फुटतं ना, ती वर्दी." मग तिनं नकाशा उलगडला. "आता हे नाव छापलं जाईल. कसं पडलं ते?"

खोटं कायमचं छापलं जाणार होतं. "त्या दिवशी सुकाणू..." मी सुरुवात केली.

"कॉन्याख, जळण संपलंय. चल बाहेर," टॉरमोड उठलाच.

पीटच्या, म्हणजे जाळायला वाळवलेल्या दलदलीतल्या मातीच्या, ढिगाआड त्यानं माझी बाही धरली. "काय बरळत होतास?"

"खरं तेच. तुझ्यावरचा डाग तरी पुसू दे."

"डाग? अरे गाढवा, तुला तीन पोरं, सात नातवंडं. तुझं नाव घ्यायला घर भरलंय. माझ्यामागं कोण आहे? त्या खडकाशी आल्यावर पोरं ओरडतात, 'टॉरमोड आला, वळवा!' चाळीस वर्षांत एकही होडी आपटली नाही तिथं. आणि आता तू तो खडक मागतोस?"

आम्ही पीट घेऊन आत आलो.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात," शॉनाक मला म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. "त्याच्या नावाचं अक्षर जरा मोठं काढ."