शुगरचं निमित्त

आमच्या डिंगोऱ्यात हार्टचा आजार झाला तर भेटायला रांग लागते, शुगर झाली तर सल्ल्यांचा पाऊस पडतो. पण भीतीचा आजार म्हटलं की लोक कुजबुजायला लागतात. ह्यांना नेमका तोच झाला.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवताना ह्यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. अटॅकच आला म्हणून सगळे धावले. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. पण तेव्हापासून बाजाराचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटायचा. माल धाकट्या दिरांबरोबर जायचा आणि हे ओट्यावर बसून राहायचे. सगळा बाजार ज्याला ओळखतो, तो माणूस आता असाच घरात बसून राहणार की काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दिवसभर काय काय खाता ते विचारलं. पहाटे उपाशीपोटी निघायचं, दुपारपर्यंत चहावर चहा, मग एकदाच गच्च जेवायचं. "चहा कमी करा, सकाळी खाऊन निघा आणि रोज चाला. गोळ्यांना याची जोड पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

"शेतकऱ्याला कसलं चालायला सांगताय?" मी फणकाऱ्याने विचारलं. घरी येताना मात्र माझं मलाच हसू आलं. मोटर मोबाइलवर चालू होते, पाणी ठिबकने जातं आणि चार बांध ओलांडायचे तरी हे मोटरसायकल काढतात.

चालायला हे तयार झाले, पण गावाला काय सांगायचं? ह्यांनीच ठरवलं, शुगर आहे म्हणायचं. चारचौघांत सांगता येण्यासारखा आजार. तिथेच घोळ झाला. जिथे जावं तिथे "भाऊंना बिनसाखरेचा टाका" म्हणून वेगळा चहा होऊ लागला. साध्या चहालाच नको म्हणणं जड, मग खास ह्यांच्यासाठी केलेल्याला कोण नको म्हणणार? रस्त्यावर तर कहरच. पायी चालणारा ओळखीचा माणूस दिसला की गाडी थांबवायचीच, ही आमच्याकडची रीत. त्यात हा शुगरचा पेशंट! "भाऊ, बसा राव मागं. चक्कर यिऊन पडायचा कुठंतरी." हे घरून चालत निघायचे आणि कुणाच्या तरी गाडीवर बसून परत यायचे, तेही पोटात जास्तीचा चहा घालून. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

एका सकाळी मीच बरोबर निघाले. ह्यांच्या धाकट्या चुलतभावाने गाडी आडवी घातली. "दादा, बसा, सोडतो."

हे थांबले. चेहरा उतरला होता. मग एका दमात बोलून गेले, "मला शुगरबिगर काय न्हाई. भीती वाटती मला. छाती धडधडती, बाजारात जाता येत नाय. डॉक्टर म्हनले चाला, म्हनून चालतोय. चाललो की रातच्याला झोप लागती. तवा गाडीवर बसवू नको, आन चहाबी पाजू नको."

त्याने गाडी बंद केली. मला वाटलं, आता हसणार हा.

"आदी सांगायचं ना, दादा," तो म्हणाला. "आमी आपलं चहा पाजून पाजून तुमाला मारीत व्हतो."

दुपारपर्यंत गावभर झालं. कुजबुजणारे कुजबुजले, त्यांना काय! आखाड्यात कुस्ती मारलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण भररस्त्यात स्वतःची भीती बोलून दाखवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. तो माझा नवरा आहे याचा मला फार अभिमान वाटला.

मग लोक नुसता हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. सकाळी भाकरी नि मटकीची उसळ खाऊन हे रोज ओढ्यापर्यंत जाऊन यायचे. गोळ्या चालूच होत्या. हळूहळू चिडचिड कमी झाली, जेवण अंगी लागायला लागलं. मधे काही दिवस पुन्हा वाईट गेले, तरी चालणं सोडलं नाही.

आणि एका सकाळी न्याहारी करून ह्यांनी स्वतःच पिकअपची किल्ली घेतली. मी अडवलं नाही, पण घरात माझा पाय ठरेना. भाजी दोनदा करपली. शेवटी फोन आला. मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"भीती आली व्हती," हे म्हणाले.

मी गॅस बंद केला.

"गाडीला टेकून हुबा ऱ्हायलो. गेली. आता माल इकूनच येतो."