पाडव्याचं घड्याळ

घड्याळ निवडायला मला साडेचार महिने लागले. एवढ्यात लोकांची लग्नं जुळतात, असं बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायची शर्यत मे महिन्यात होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा काय पळायचं ते पळून घ्या, पुढं नाही. पळणं आणि सायकल जमत होतं. पोहणं येतच नव्हतं. शेंद्र्याच्या कारखान्यातल्या शिफ्टमुळं शहरातल्या तलावाच्या वेळा बसत नव्हत्या. कन्नडला बहिणीच्या शेतातली विहीर मात्र काठोकाठ भरली होती, आणि दिवाळीपासून दाजींचे फोन चालू होते.

"पाव्हणं, पाणी हाय तवर या. पाठीला डबा बांधतो, पंधरा दिवसांत पोहायला लागताल."

मी म्हणायचो, घड्याळ येऊ द्या. तिन्ही प्रकार ओळखणारं, हाताचे फटके मोजणारं, उपग्रहावरून अंतर सांगणारं हवं होतं. रोज जेवताना त्याचे व्हिडिओ बघायचो. खरं सांगायचं तर मला पाण्याची भीती वाटत होती. घड्याळ निवडत बसलं की तयारी चाललीय असं वाटायचं. फेब्रुवारीत एकदाचं ठरलं, तर आई म्हणाली, एवढी मोलाची वस्तू पाडव्याला घे. आमच्याकडं ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळं पाडव्यालाच आलेलं. मी लगेच हो म्हणालो.

पाडव्याला घड्याळाला हळद-कुंकू लावलं आणि पुढच्या रविवारी एसटीनं कन्नड गाठलं. दाजी थेट विहिरीवर घेऊन गेले. तळाशी जेमतेम पाणी होतं, त्यात मोटारीचा पाइप आडवा पडलेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते मीच. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

"कधी आटली?"

"शिवरात्रीलाच खाली गेली. सांगणार व्हतो, पण तुमचं आपलं घड्याळच चालू असायचं."

मग त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ निरखलं. "लई भारी हाय. किती खोल पाण्यात चालतं?"

"पन्नास मीटर."

दाजींनी खाली विहिरीत बघितलं. हसले असते तर बरं वाटलं असतं. मी कपड्यांनिशी पायऱ्या उतरलो आणि पाण्यात उभा राहिलो. ते माझ्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत आलं.